वेलिंग्टनच्या डोंगरधारेवर पहिला दिवस: ट्रॅम्पिंग क्लबसोबत निघणाऱ्या नवख्यांसाठी

नोकरी-शिक्षणासाठी वेलिंग्टनला आलेल्या मराठी मंडळींना डोंगर लगेच खुणावू लागतात. बंदराच्या या काठावर उभं राहिलं की पलीकडे ईस्टबर्नच्या घरांमागची हिरवी धार दिसते. उंची चारशे मीटरही नाही. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला वाटतं, एक पाण्याची बाटली घेऊ, चढून येऊ आणि जेवायला घरी. माझं आग्रहाचं सांगणं असं की इथल्या डोंगराची तयारी उंची बघून करू नका, हवा बघून करा. आणि पहिल्या खेपेला एकटेदुकटे न जाता क्लबसोबत जा. त्यासाठी काय काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी क्लब गाठा

ट्रॅम्पिंग म्हणजे पाठीवर सॅक टाकून रानवाटांनी चालणं. न्यूझीलंडमधला पहिला ट्रॅम्पिंग क्लब वेलिंग्टनमध्येच निघाला, १९१९ साली: तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब. तो आजही जोरात चालू आहे. शिवाय वेलिंग्टन ट्रॅम्पिंग अँड माउंटेनियरिंग क्लब आहे, हट व्हॅलीचा वेगळा क्लब आहे. कोणता निवडायचा याचा फार विचार करू नका. सभासद न होता एक-दोनदा सोबत येऊ देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी असते. त्यांचं आगामी सहलींचं वेळापत्रक बघा आणि तुम्हाला सोयीचा रविवार ज्याचा असेल त्या क्लबाला लिहा.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. पुण्या-मुंबईतल्या व्यावसायिक ट्रेक ग्रुपमध्ये पैसे भरले की गाडी, नाश्ता, जेवण आणि वाटाड्या मिळतो. इथे तसं नाही. लीडरसुद्धा तुमच्यासारखाच नोकरदार असतो आणि आपला रविवार फुकट देत असतो. जेवण, पाणी, कपडे सगळं आपलं आपण न्यायचं. कुणाच्या गाडीतून गेलात तर पेट्रोलचा वाटा न मागता द्यायचा. लीडरला नावानेच हाक मारायची. वय साठ असलं तरी सर-मॅडम नको, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

वेळापत्रकात प्रत्येक सहलीपुढे श्रेणी लिहिलेली असते: ईझी, मीडियम, फिट, आणि मधल्या काही. ईझी म्हणजे सपाट असं मुळीच नाही. चार-पाच तास चालणं आणि एखादी खडी चढण ईझीमध्ये सहज बसते. पहिल्यांदा ईझीच निवडा, तुम्ही इकडे येण्याआधी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला असला तरीही.

मग लीडर तुम्हाला फोन करेल किंवा ईमेलने विचारेल: शेवटचं कधी चाललात, गुडघे कसे आहेत, दमा, मधुमेह, कसली ॲलर्जी आहे का. आपल्याकडे अशा प्रश्नांना ‘काही नाही हो, सगळं ठीक’ म्हणायची सवय आहे. ती इथे सोडा. तुम्हाला नाकारण्यासाठी तो विचारत नसतो. किती जणांना कोणत्या वाटेने, किती वेगाने न्यायचं हे त्याला ठरवायचं असतं, आणि एका माणसाने झाकून ठेवलं की सगळ्या गटाचं गणित बिघडतं. नाव दिल्यावर येणं रद्द झालं तर आदल्या रात्रीपर्यंत कळवा. साडेआठला निघायचं म्हणजे साडेआठलाच निघतात.

कोणती वाट

पहिल्या दिवसासाठी मी ईस्टबर्नमागचं ईस्ट हार्बर रीजनल पार्क सुचवते. समुद्राकाठचं रान, डोंगरधार, दरीतला ओढा, सगळं एका दिवसात बघायला मिळतं आणि गाडी नसली तरी चालतं. शहरातून ८३ नंबरची बस ईस्टबर्नला जाते. हवा चांगली असेल तर क्वीन्स वॉर्फवरून डेज बेची फेरी घ्या आणि पुढे किनाऱ्याने चालत या.

मुरिताई पार्कजवळून वाट सुरू होते ती घरांच्या परसदारातूनच जंगलात शिरते. नागमोडी वळणं घेत सोंड चढली की धार लागते, आणि धार ओलांडून पलीकडे उतरलं की बटरफ्लाय क्रीक. तिथे ओढ्याकाठी बसून डबा खायचा आणि मॅकेन्झी किंवा कोवाई स्ट्रीटच्या वाटेने पुन्हा धार चढून ईस्टबर्नमध्ये उतरायचं. म्हणजे जाताना एक चढ आणि येताना दुसरा. किल्ल्यासारखं ‘एकदा वर पोचलो की आता उतारच’ असं इथे नसतं. जेवणानंतरच्या चढासाठी पायांत दम राखून ठेवावा लागतो. क्लबला मोठा दिवस करायचा असेल तर ते मुख्य धारेनेच उत्तर-दक्षिण चालतात.

आदल्या दिवशी नकाशा एकदा नजरेखालून घाला. इथले टोपो-५० नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आणि दर २० मीटरला एक समोच्चरेषा असलेले असतात. होकायंत्र वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नसतोच, वेलिंग्टनमध्ये तो सुमारे २२-२३ अंश पूर्वेकडे आहे. जुन्या सवयीने सुई जुळवून चाललात तर भलत्याच सोंडेवरून उतराल. आणखी एक. इथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे डोंगराची उत्तर बाजू उबदार, कोरडी, आणि दक्षिण बाजूला सावली, शेवाळ, चिखल. आपल्या अंगवळणी पडलेलं दिशांचं भान सुरुवातीला चांगलंच गोंधळतं.

हवा बघणं हेच मुख्य काम

वेलिंग्टन कुक सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे. उत्तर आणि दक्षिण बेटांच्या डोंगररांगांमधल्या त्या फटीतून वारा कोंडून जोराने येतो. बहुतेक दिवस तो उत्तर-वायव्येचा असतो, त्यातल्या त्यात उबदार. पण मधेच तो फिरतो आणि दक्षिणेचा होतो. हा दक्षिणी वारा थेट दक्षिण महासागरावरून येतो. अशी हवा बदलली की अर्ध्या तासात टी-शर्टातला माणूस कुडकुडायला लागतो, वर पाऊस आडवा मारतो. आपल्या पावसात दिवसभर भिजलं तरी पाऊस कोमट असतो, घरी येऊन आलं घातलेला चहा घेतला की झालं. इथे ओले कपडे अधिक वारा म्हणजे शरीराचं तापमान उतरायला लागलंच, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. १० अंशांतही होतं.

म्हणून शुक्रवारपासून मेटसर्व्हिसचा अंदाज बघायला लागा. नुसतं ऊन-पावसाचं चित्र बघून भागत नाही. वाऱ्याची दिशा कधी बदलणार आणि धारेवर वेग किती असणार, ही दोन उत्तरं शोधा. लीडरही तेच बघत असतो. त्याने आदल्या रात्री सहल रद्द केली किंवा धार सोडून खालची वाट घेतली, तर ‘पण खिडकीतून तर छान ऊन दिसतंय’ म्हणून वाद घालू नका. खिडकी घराची असते, धार तीनशे मीटर वर असते.

उन्हाळ्यात उलटं प्रकरण. हवा गार लागते म्हणून ऊन कळत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत अतिनील निर्देशांक १० च्या वर जातो. सावळ्या कातडीला इथलं ऊन लागत नाही हा समज काढून टाका. टोपी, सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या.

आणि दिवस किती मोठा आहे ते पाहा. जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, दाट झाडीत त्याआधीच अंधारतं. डिसेंबरमध्ये रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो.

सॅकमध्ये काय

जीन्स नको, सुती टी-शर्ट नको. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटून ऊब ओढून घेतं आणि लवकर वाळत नाही. लोकर किंवा पॉलिएस्टर घाला. मेरिनो लोकरीचा एक पातळ बनियन घेऊन ठेवा. महाग असतो, पण सेकंडहँड दुकानं धुंडाळावीत, चांगला माल मिळतो. अंगावर तो, सॅकमध्ये फ्लीस किंवा स्वेटर, आणि सगळ्यांवर शिवणीतून पाणी न येणारं, टोपडं असलेलं जॅकेट. छत्री घरी ठेवा. वेलिंग्टनच्या वाऱ्यात ती शहरातही टिकत नाही.

त्याशिवाय:

- लोकरीची टोपी आणि हातमोजे, जानेवारीतसुद्धा
- दोन लिटर पाणी. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी जिआर्डिया या जंतूमुळे पोट बिघडू शकतं, तसंच पिऊ नका
- जेवण, आणि त्याव्यतिरिक्त एक वेळ भागेल इतका जादा खाऊ
- हेडटॉर्च, दुपारी परत यायचं असलं तरी
- स्वतःची औषधं, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, शिट्टी
- सगळं आत घालायला एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. सॅकचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं, आतली पिशवी उडत नाही

खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. इथली मंडळी सुकामेवा, चॉकलेट, मनुका एकत्र करून नेतात आणि त्याला स्क्रॉगिन म्हणतात. आपली शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळी, दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या त्याच कामाच्या: टिकतात, सांडत नाहीत, चालता चालता खाता येतात. दोन जास्तीच्या चिक्क्या न्या. पहिल्या विश्रांतीला डबा फिरवला की ओळखी आपोआप होतात.

बूट नवे असतील तर आधी आठवडाभर घरात आणि बाजारहाटाला वापरा. भारतातून बूट आणत असाल तर विमानतळाबद्दल नीट ऐका. सह्याद्रीची माती लागलेले बूट तळाच्या खाचा टूथब्रशने घासून धुवून, वाळवूनच बॅगेत घाला, आणि आगमनाच्या वेळी ते जाहीर करा. जाहीर केलं की अधिकारी बघतात, गरज पडली तर साफ करून परत देतात. लपवलं आणि सापडलं तर जागीच ४०० डॉलर दंड. हा नियम जाचक वाटला तरी त्यामागचं कारण पुढे जंगलात शिरल्यावर दिसतं.

वाटेवर

निघण्याआधी लीडर सगळ्यांना गोल उभं करून दोन मिनिटं बोलतो: आजची वाट, थांबे, परतायची वेळ. मग डोकी मोजतो आणि शेवटी कोण चालणार ते ठरवतो. त्या शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहायचं नाही. लघवीला थांबायचं असेल तर त्याला सांगून, आपली सॅक वाटेच्या कडेला दिसेल अशी ठेवून जा. वाटेला फाटा आला की पुढच्यांनी थांबायचं, सगळे आल्याशिवाय हलायचं नाही. क्लबसोबत माणूस हरवतो तो जवळजवळ नेहमी अशा न थांबलेल्या फाट्यावर.

मुरिताईची चढण सुरुवातीलाच खडी आहे. तिथे उत्साहाने पुढे पळू नका. बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. चढताना अंग तापणार आहे, म्हणून पायथ्याशीच स्वेटर काढा आणि धारेच्या जरा खाली, झाडीच्या आडोशाला, पुन्हा घाला. वाऱ्यात उभं राहून सॅक उघडायची वेळ आणू नका.

झाडांवर ठोकलेले प्लास्टिकचे नारिंगी त्रिकोण ही वाटेची खूण. गुलाबी, निळे किंवा पिवळे त्रिकोणही दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. त्या सापळ्यांच्या आणि आमिषांच्या ओळी असतात आणि कुठल्या तरी ओहोळात नेऊन सोडतात. कडेला लाकडी खोके दिसले तर हात लावू नका. त्यांत उंदीर आणि स्टोट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यासाठी सापळे असतात. या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता, म्हणून इथले पक्षी बेधडक जमिनीवर, बुंध्यात घरटी करत आले. माणसाने आणलेल्या उंदरांनी आणि स्टोटांनी त्यांची अंडी-पिल्लं फस्त केली. २०१६ मध्ये सरकारने २०५० पर्यंत हे शिकारी प्राणी देशातून हटवायचं ठरवलं. पण ईस्टबर्नच्या या रानात मिरो नावाच्या गटाचे स्वयंसेवक त्याआधीपासून सापळे तपासत हिंडताहेत. कुणी भेटलं तर थांबून दोन शब्द बोला. तुमच्या डोक्यावर जो टुई पक्षी ओरडतोय तो त्यांच्या मेहनतीवर जगतोय.

आता कळेल की संत्र्याची साल ‘कुजणारच आहे’ म्हणून का टाकायची नाही. या थंडीत ती महिनोन्महिने कुजत नाही आणि कुजेपर्यंत उंदीर पोसते. सालं, बिया, टिश्यूपेपर, सगळं पिशवीत घालून घरी. शौचाला जावंच लागलं तर वाटेपासून आणि पाण्यापासून निदान ५० मीटर दूर, वीतभर खड्डा करून बुजवा.

रान ओळखताना

सापांची भीती सोडून द्या. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत. गवतात पाय घालताना काठी आपटायची गरज नाही. मला हे पटायला बराच काळ गेला, तुम्हालाही लागेल.

त्याऐवजी दोन गोष्टींना जपा. समुद्राकाठच्या रानात आणि ओढ्यांच्या कडेला ओंगाओंगा नावाची खाजकुइलीपेक्षाही जहाल वनस्पती असते. पानांवर आणि देठांवर पांढरट काटे उभे असतात. कपड्यांतूनही लागते, आणि तिची आग, बधिरपणा काही दिवस टिकू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे गांधीलमाश्या, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जास्त. बीच नावाच्या झाडांची काजळी धरल्यासारखी काळी खोडं दिसली तर त्यांवर हात टेकवू नका. कीटकांनी सोडलेल्या गोड थेंबांवर ती काळी बुरशी वाढते आणि त्याच गोडव्यासाठी गांधीलमाश्या जमतात. डंखाची ॲलर्जी असेल तर औषध सॅकच्या वरच्या कप्प्यात, आणि ते कुठे आहे हे लीडरला माहीत.

भीतीपेक्षा बघण्यासारखं खूप आहे. चढणीच्या पहिल्या टप्प्यातच कावाकावा दिसेल: हृदयाकृती पान, आणि त्याला बारीक बारीक भोकं पडलेली. एका पतंगाच्या अळीची ती करणी. पान जरा हातात धरून बघा. देठापासून फुटलेल्या शिरा, बोटांना लागणारा तिखट दर्प… हे आपल्या नागवेलीचं भावंड आहे, विड्याचं पान आणि मिरी ज्या कुळातली त्याच पायपरेसी कुळातलं. माओरी लोक ते औषधात वापरत आले आहेत. पुढे वर बीचची झाडं सुरू होतात, पायाखाली त्यांच्या इवल्याशा पानांचा थर. मधेच एखादा उत्तरेकडचा राता, जो दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतो आणि मुळं खाली सोडत सोडत शेवटी त्या झाडालाच वेढतो, आपल्याकडे देवळाच्या भिंतीत पिंपळ रुजतो तसा.

पीवाकावाका हा पंख्यासारख्या शेपटीचा छोटा पक्षी तुमच्या मागे मागे येईल, अगदी हाताच्या अंतरावर. तुमच्या पावलांनी उडालेले किडे त्याला हवे असतात. थांबून हळू उभे राहा, तो आणखी जवळ येतो. या कारणासाठीच मोबाइलवर गाणी लावू नका. धारेवर पोचल्यावर घोषणा द्यायचा मोह होतो, मलाही शिवरायांची गर्जना प्रिय आहे. पण ती गडावर शोभते. इथल्या लोकांना रानात शांतता हवी असते.

धारेवर आणि उतरताना

धारेवर झाडी विरळ झाली की बंदर दिसतं (माओरी नाव ‘ते फांगानुई-आ-तारा’), मधोमध मातिउ बेट, पलीकडे शहर. फोटो काढा, पण वारा असेल तर तिथे बसू नका. आडोसा गाठा, मग बसा.

सोबतच्या माणसावर लक्ष ठेवा. तो अडखळायला लागला, शब्द जड झाले, हातातली वस्तू पडायला लागली, उगाच चिडचिडला, तर ती गारठ्याची लक्षणं आहेत. ‘थंडी वाजत नाही’ असं तो म्हणाला तरी थांबायचं, ओला कपडा काढून कोरडा घालायचा, गोड खायला द्यायचं आणि लीडरला हाक मारायची. स्वतःला असं वाटलं तर संकोच न करता सांगा. गटाला उशीर होईल म्हणून गप्प बसणं ही आपली भिडस्त सवय इथे घातक ठरते.

उतरताना बहुतेक जण पडतात ते ओल्या मुळांवर. मुळावर पाय देऊ नका, दोन मुळांमधल्या मातीवर द्या. आणि हाताने झाड धरण्याआधी ते जिवंत आहे ना, बघा.

चुकामूक झालीच तर आहात तिथे थांबा, गरम कपडे घाला, दर थोड्या वेळाने तीनदा शिट्टी वाजवा. धावपळ करून दरीत उतरू नका, तिथे सिग्नलही जातो. आणीबाणीचा नंबर १११, हरवलेल्या माणसाचा शोध पोलीस हाती घेतात, म्हणून ‘पोलीस’ मागा. निघण्याआधी घरी कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा, क्लबसोबत असलात तरी. अपघातात इजा झाली तर उपचारांना एसीसी या सरकारी अपघात विम्याचं संरक्षण असतं, पाहुण्यांनाही. आजारपणाला मात्र नसतं. भारतातून आलेल्या आईबाबांसाठी प्रवास विमा काढलाच पाहिजे.

आईबाबांना पहिल्यांदा धारेवर नेऊ नका. त्यांना डेज बेच्या किनाऱ्यावर आणि सपाट वाटांवर फिरवा.

घरी आल्यावर

बूट धुवा, सॅक रिकामी करून वाळवा, लीडरला दोन ओळींचा आभाराचा निरोप पाठवा. फुकट राबणाऱ्या माणसाला तेवढंच मिळतं. गुडघे दुसऱ्या दिवशी कसे आहेत त्यावरून पुढची श्रेणी ठरवा. आणखी दोन-तीन ईझी सहली झाल्या की सभासद व्हा. वर्गणी फार नसते, आणि लीडर होण्याचं, नकाशा वाचण्याचं, नदी ओलांडण्याचं शिक्षण क्लबमध्ये मिळतं.

पुढची वाट म्हणून ईस्टबर्नच्या टोकाला बर्डन्स गेटपासून पेनकॅरोकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता घ्या. तिथला दीपस्तंभ देशातला पहिला कायमस्वरूपी दीपस्तंभ, १ जानेवारी १८५९ ला उजळला. त्याची राखण मेरी जेन बेनेट या विधवेने केली. न्यूझीलंडच्या इतिहासात दीपस्तंभाची राखण करणारी ती एकमेव स्त्री. जाऊन-येऊन १६ किलोमीटरच्या आसपास चालणं, चढ जवळजवळ नाही. पण सावली नाही, पाणी नाही, आणि दक्षिणेचा वारा सुटला तर आडोसाही नाही. अंदाज बघूनच दिवस ठरवा.